चांगल्या चारित्र्याची साक्ष काढताना या चुका टाळा

सांगलीच्या कोर्टात पलूस-तासगावकडची मारामारीची केस उभी राहिली, की आरोपीचे घरचे वकिलाकडे येताना सरपंचाचा दाखला हमखास घेऊन येतात. ‘सदर इसम सुस्वभावी असून...’ खटल्यात नुसत्या त्या कागदाला फारशी किंमत नसते. लिहिणाऱ्याने पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागतं, आणि मग सरकारी वकील त्याचा उलटतपास घेतात. ‘आरोपी तुमच्या पॅनलचा ना?’ एवढ्यावरच अनेक साक्षी गारद होतात.

आलाच साक्षीदार, तर तो २०१९ च्या पुरात आरोपीने किती माणसं बाहेर काढली ते सांगत बसतो. कायद्याला असे सुटे प्रसंग नकोत. माणसाचा सर्वसाधारण लौकिक आणि स्वभाव हवा. तोही आरोपाशी जुळणारा. पतसंस्थेतल्या अफरातफरीत ‘फार शांत माणूस’ सांगून काय उपयोग?

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४७ नुसार आरोपीचं चांगलं चारित्र्य पुराव्यात येतं. वाईट चारित्र्य कलम ४९ मुळे एरवी येत नाही. पण बचाव पक्षाने ‘आमचा माणूस सज्जन’ म्हटलं, की सरकार पक्षाला उत्तर द्यायची मुभा मिळते आणि जुनी शिक्षासुद्धा बाहेर निघते. म्हणून मागे शिक्षा झाली असेल तर वकिलाला आधीच सांगा. लाजेखातर लपवणारे पुष्कळ असतात, आणि मग भर कोर्टात वकिलाचाच चेहरा उतरतो.

लैंगिक गुन्ह्यांत संमतीचा वाद असताना पीडितेचं चारित्र्य किंवा पूर्वीचे संबंध काढू नका. कलम ४८ ने ती वाट बंद केली आहे.

चांगुलपणावरच सुटका होईल, हीही आशा नको. हबीब मोहंमद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चारित्र्याचा पुरावा दुबळा मानला. थेट, भक्कम पुराव्यापुढे तो टिकत नाही. पुरावाच डळमळीत असेल, तर थोडा आधार होतो.

खरा उपयोग बऱ्याचदा दोष सिद्ध झाल्यानंतर, शिक्षेच्या वेळी होतो. १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या कलम ४ खाली कोर्ट गुन्ह्याचं स्वरूप आणि गुन्हेगाराचं चारित्र्य पाहून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. तेव्हा परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल असेल तर तोही बघितला जातो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ही सवलत नाही.