व्यायाम सुरूच होत नाही? आधी या चुका टाळा

‘सोमवारपासून नक्की’ म्हणणारा माणूस आळशीच असतो असं नाही. पहाटे पाचचा गजर, तासभर व्यायाम, साखर बंद, रात्री नऊला झोप, हे सगळं एकाच सोमवारच्या गळ्यात मारलं की कुणालाही पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यावंसं वाटेल. सुरुवात टाळायला लाज वाटेल इतकी ती लहान ठेवा.

पहिल्याच दिवशी दमछाक करून घेणं

सगळ्यात जास्त लोक इथेच गळतात. हुरूप असतो, मग पंचवीस सूर्यनमस्कार आणि वर पन्नास बैठका. त्या दिवशी काहीच जाणवत नाही, कारण सवय नसलेल्या स्नायूंचं दुखणं साधारण 24 ते 72 तासांत वाढत जातं. बुधवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चढताना तेवढं दुखत नाही, उतरतानाच जास्त. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. दुखणं मुख्यतः त्यातून येतं, आणि पायरी उतरतानाही तो नेमकं हेच काम करतो. लॅक्टिक ॲसिड साठतं म्हणून अंग आंबतं, हे तर विसराच. ते व्यायामानंतर तासा-दोन तासांतच निघून जातं.

म्हणून पहिला आठवडा तीनच सूर्यनमस्कार, तेही सावकाश. बैठका जमत नसतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि बसा, आठ-दहा वेळा. अंग दुखत असेल त्या दिवशी नुसतं चाला. चार-पाच दिवसांत उतरतं. सांधा सुजला, किंवा लघवी गडद चहासारखी झाली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

पैसे भरले की जाऊच, हा भ्रम

वर्षाची फी एकदम भरल्याने पाय जिमकडे वळतात असं नाही. महिन्याची भरा. त्याहून बरं म्हणजे आधी थोडे दिवस घरच्या घरी करून बघा.

पहाटच हवी, हा हट्ट

रात्री साडेअकराला झोपणाऱ्याने पाचचा गजर लावायचा कशाला? वेळ घड्याळापेक्षा एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा. ऑफिसातून आल्यावर बूट काढण्याआधी सोसायटीला दोन फेऱ्या मारा. एकदा सोफ्यावर चहा आला की संपलं.

दहा हजारांचा धाक

दहा हजार पावलांचा आकडा रूढ झाला तो जपानमध्ये 1965 साली विक्रीला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे. त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या शिफारशीत पावलं नाहीत. मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, असं त्यात आहे. एका वेळी किमान दहा मिनिटं हवीत, ही जुनी अटही काढून टाकली आहे. म्हणजे भाजी आणायला झपझप गेलात तरी ते जमेस धरा. मध्यम श्रम ओळखायचे कसे? चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये.

एक दिवस चुकला की सोडून देणं

लग्नसराई येते, पाहुणे येतात, ताप येतो. एकवीस दिवसांत सवय लागते या समजालाही फारसा आधार नाही. लंडनच्या एका विद्यापीठातल्या अभ्यासात हा काळ साधारण 66 दिवसांचा निघाला. माणसागणिक 18 पासून 254 दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष अडथळा आला नाही, असंही त्यात दिसलं. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट करू नका, नाहीतर पुन्हा तोच कठडा.

चालताना छातीत दाब येत असेल, चक्कर येत असेल किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी सोमवारची वाट पाहण्याचं कारण नाही. तीन नमस्कारांना पाच मिनिटंही लागत नाहीत.