आर्चबिशपांची पत्रे वाचताना : सीमाभागातील नव्या अभ्यासकांसाठी

राणी चन्नम्मा विद्यापीठातून इतिहासात एम.ए. झाल्यावर मी डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्वेड यांचा पत्रव्यवहार अभ्यासासाठी निवडला, तेव्हा बेळगावात राहून आयर्लंडचा अभ्यास कशासाठी, असा प्रश्न अनेकांनी विचारला. धर्मगुरू आणि सरकार या दोन्ही बाजूंची कागदपत्रे जपली गेली आहेत आणि अभ्यासकांना खुली आहेत, असे उदाहरण क्वचित सापडते. त्यामुळे धर्मसत्ता आणि राजकारण या विषयात उतरणाऱ्या विद्यार्थ्याने पद्धत शिकण्यासाठी येथूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

मॅक्वेड १९४० ते १९७२ या काळात आर्चबिशप होते, परंतु त्यांचा सार्वजनिक प्रभाव त्याआधीच सुरू झाला होता. ब्लॅकरॉक कॉलेजचे प्रमुख असताना त्यांनी आयर्लंडच्या १९३७च्या राज्यघटनेसाठी तेव्हाचे सरकारप्रमुख एमन डी व्हॅलेरा यांना टिपणे, मसुदे आणि पोपच्या परिपत्रकांतील उतारे सातत्याने पाठवले. कुटुंबविषयक कलमांवर त्याची छाप दिसते. धर्माविषयीच्या कलमात मात्र कॅथलिक चर्च हेच एकमेव खरे चर्च अशी मान्यता मिळावी हा त्यांचा आग्रह डी व्हॅलेरांनी स्वीकारला नाही. चर्चला ‘विशेष स्थान’ देताना त्यांनी इतर पंथांचा आणि ज्यू समाजाचाही उल्लेख ठेवला. ते ‘विशेष स्थान’ही १९७२च्या सार्वमताने वगळले गेले. पत्रांचा ढीग पाहून प्रभाव मोजण्याचा मोह नव्या अभ्यासकाला होतो, म्हणून पत्र येण्यापूर्वीचा मसुदा आणि नंतरचा मसुदा शेजारी ठेवून, कोणता शब्द बदलला हे आधी पाहावे.

१९५१चे प्रकरण याहून बोलके आहे. आरोग्यमंत्री नोएल ब्राऊन यांनी माता आणि सोळा वर्षांपर्यंतची मुले यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वैद्यकीय सेवा देण्याची योजना आखली होती. मुलांच्या आरोग्याची जबाबदारी मुळात आईवडिलांची आहे, राज्याने ती सरसकट स्वतःकडे घेऊ नये, असा आक्षेप बिशपांनी १० ऑक्टोबर १९५०च्या पत्राने पंतप्रधान जॉन कॉस्टेलो यांना कळवला. मंत्रिमंडळ मागे हटले, आणि एप्रिल १९५१ मध्ये ब्राऊन यांनी राजीनामा देऊन सारा पत्रव्यवहार वृत्तपत्रांच्या हाती दिला. हा विषय लोकांसमोर यायलाच नको होता, ही कॉस्टेलो यांची संसदेतील भूमिका मला त्या पत्रांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण ही पत्रे बंद दाराआड राहतील या भरवशावरच लिहिली जात होती. तरीही योजना केवळ आर्चबिशपांमुळे बारगळली असे लिहू नये. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध तीव्र होता आणि ब्राऊन यांचे सहकारीही त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत.

हे वाचून झाल्यावर आपल्या भागाकडे वळावे. गोवा महाधर्मप्रांत (आर्चबिशपांच्या अधिकाराखालील प्रदेश) आणि पुणे धर्मप्रांत (बिशपांच्या अधिकाराखालील प्रदेश) यांच्या प्रदेशातून १९५३ मध्ये बेळगाव धर्मप्रांत स्थापन झाला. येथे २००६ ते २०१८ या काळात बिशप असलेले पीटर मचाडो पुढे बेंगळुरूचे आर्चबिशप झाले. धर्मांतरविरोधी विधेयक आणू नये, असे आवाहन त्यांनी २०२१ मध्ये मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांना पत्राद्वारे जाहीरपणे केले. विधेयक मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधानसभेने मंजूर केले. बहुसंख्याकांच्या धर्मगुरूचे खासगी पत्र मंत्रिमंडळाला मागे हटवू शकते, तर अल्पसंख्याक समाजाच्या आर्चबिशपांना वृत्तपत्रे आणि न्यायालय यांचा आधार घ्यावा लागतो. या दोन परिस्थितींची तुलना हा प्रबंधाचा उत्तम विषय आहे आणि आपल्या भागातील कोणीतरी तो मनापासून हाती घ्यावा, अशी माझी तीव्र इच्छा आहे.

तयारीबद्दल थोडेसे. आयर्लंडच्या संसदेतील चर्चा आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात; १२ एप्रिल १९५१ची चर्चा सर्वप्रथम वाचावी. धर्मप्रांताचे दप्तर खासगी असते, तेव्हा मार्गदर्शकांचे पत्र आणि कोणत्या वर्षांचे कागद हवे आहेत याची नेमकी यादी देऊन परवानगी मागावी. गोव्याच्या जुन्या कागदांसाठी पोर्तुगीज लागते. कर्नाटक सरकारच्या फायली कन्नडमध्ये असतात, म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या सत्रापासूनच हस्तलिखित कन्नड वाचण्याचा सराव करावा; मूळ पत्र टंकलिखित असले तरी त्याच्या समासात अधिकाऱ्यांनी मारलेले शेरे बहुधा हातानेच लिहिलेले असतात, आणि पत्राचे पुढे काय झाले हे त्या शेऱ्यांवरूनच कळते.