उसाच्या बांधाला वस्ती: बिबट्या फिरतो तिथं गोठा कसा बांधावा, रात्र कशी काढावी

नाशिक जिल्ह्यात दारणा, कादवा, गोदावरीच्या काठानं निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे मळ्यात राहत असाल, तर बिबट्या 'जंगलातून येतो' हे आधी डोक्यातून काढा. तो उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. वर्षभर उभं राहणारं पीक, आत गारवा, पाटाचं पाणी आणि बांधापलीकडे कुत्री, डुकरं, शेळ्या. त्याला आणखी काय लागतं? सिन्नरला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं, तेव्हा सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे तो येतो तो तुमच्या अंगणातल्या खाण्यासाठी. ते खाणं रात्री बंदोबस्तात गेलं की त्याची चक्कर वाया जाते.

वस्तीवर बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. माणसावर हल्ला झाला असेल तर तो निर्णय वन विभागाचा, त्यात वाद नाही. पण नुसता दिसला म्हणून पकडून लांब सोडला तर मोकळी झालेली हद्द दुसरा बिबट्या धरतो, आणि सोडलेला अनोळखी मुलखात भटकतो. जुन्नर भागात २००१ नंतर अशी बरीच धरपकड झाली आणि त्याच काळात माणसांवरचे हल्ले वाढले. गोठ्याला चांगलं दार नसेल तर पिंजऱ्याचा उपयोग चार दिवसांचा.

शेळ्यांचा गोठा

एका शेळीला १० ते १२ चौरस फूट जागा धरा. दहा शेळ्यांना १० बाय १२ फूट पुरतं. कडेची उंची ७ फूट, मधली ८. दर पाच फुटांवर दोन इंची अँगल किंवा पाईप, दीड-दोन फूट जमिनीत, काँक्रीटमध्ये बसवलेला.

खालचे तीन फूट विटांचं किंवा सिमेंट ब्लॉकचं बांधकाम करा. पैसे वाचवायला लोक इथंच हात आखडतात आणि इथंच फसतात. शेळी रात्री जाळीला पाठ टेकून रवंथ करत बसते. बाहेरून पंजा आत येतो, कातडीत रुततो आणि ओढतो. सकाळी जाळी शाबूत, शेळी मात्र फाटलेली. भिंत असली की पंजा पोचत नाही, आणि बसलेली शेळी बाहेरून दिसतही नाही.

भिंतीच्या वर पत्र्यापर्यंत दोन बाय दोन इंची, १० गेजची वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेली जाड तारेची जाळी, लावा. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी बिबट्याच्या दोन हिसक्यांत उसवते. शेडनेटचा तर विषयच सोडा. चेनलिंक चालते, पण खाली-वर आडवा पाईप घालून ताणलेली हवी. सैल असली की तो खालची कड डोक्यानं उचलतो. जाळी बाइंडिंग वायरनं बांधू नका, दोन पावसाळ्यांत तार गंजून तुटते. लोखंडी पट्टी लावून वेल्डिंग करून घ्या.

आता छप्पर. पत्रे टाकून वर दगड ठेवायचे, ही आपल्याकडची पद्धत वाऱ्यापुरती ठीक. मोठ्या नराचं वजन ५० ते ७० किलो भरतं. सात फुटांची भिंत तो सहज चढतो आणि दोन पत्र्यांच्या जोडात पंजा घालून पत्रा सरकवतो. लोखंडी पत्रे पाईपला जे-हुकनं आवळा, प्रत्येक पत्र्याला किमान सहा ठिकाणी. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांच्याखाली आडवी वेल्डमेश टाका. असा पत्रा त्याच्या वजनानं फुटतो आणि बिबट्या थेट शेळ्यांत पडतो. मग त्याला बाहेर पडता येत नाही, शेळ्यांनाही पळता येत नाही. कोंडलेल्या जागेत शेळ्या सैरावैरा धावत राहतात, तो हलणाऱ्या प्रत्येकीला धरतो, आणि एका रात्रीत दहाच्या दहा जातात. लोक म्हणतात, 'नुसतं मारून टाकलं, खाल्लं काहीच नाही.' त्याचं कारण हेच.

जाळीचा वरचा काठ आणि पत्र्याचा उतार यांच्यात तिकोनी फट राहते. गवंडी ती सोडून जातो. तेवढ्या फटीतून अर्धवट वाढलेलं पिल्लू सहज आत येतं. तिथं जाळीचा तुकडा कापून बसवून घ्या.

दार बाहेर उघडणारं असावं. ते चौकटीच्या खाचेवर टेकतं, त्यामुळे बाहेरून ढकललं तर आणखी घट्ट बसतं. आत उघडणारं दार एका कडीच्या भरवशावर असतं. खाली एक, वर एक अशा दोन कड्या लावा आणि वरच्या कडीत खिळा अडकवा. उंबऱ्याखाली चार बोटांपेक्षा जास्त फट नको. जमीन पोखरली जात असेल तर दारात फरशी किंवा काँक्रीटचा पट्टा टाका.

भीतीपोटी चारी बाजूंनी पत्रा ठोकू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात शेळ्या धापा टाकतात, मुताच्या वाफेनं डोळे आणि फुप्फुसं धरतात, आणि बिबट्याऐवजी न्यूमोनिया शेळ्या नेतो. निफाडच्या थंडीत पारा पाचाच्या खाली उतरतो तेव्हा वाऱ्याच्या बाजूला जाळीवर बारदान सोडा, सकाळी उचला.

मोठ्या गाई-म्हशींच्या वाटेला तो सहसा जात नाही, वासरू मात्र उचलतो. वासरू शेळ्यांच्या गोठ्यात घ्या, किंवा भिंतीकडे बांधून पुढे मोठी जनावरं ठेवा. उघड्यावर खुंट्याला बांधलेलं एकटं वासरू म्हणजे वाढलेलं ताट.

कुत्रं, उकिरडा आणि उजेड

दाराशी साखळीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते आमिष होतं. रात्री त्याला पडवीत किंवा जाळीच्या खोपटात घ्या. मोकळं राहणारं असेल तर गळ्यात खिळ्यांचा रुंद पट्टा घाला. बिबट्या नरडं धरतो, पट्ट्यामुळे निदान पहिली पकड सुटते. पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी, कापलेल्या बोकडाची आतडी, मेलेलं करडू बांधावर फेकू नका. त्यावर आधी भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. चार-पाच फूट खोल पुरा, वर चुना टाका, मातीवर दगड रचा.

घर आणि ऊस यांच्यात निदान वीस फुटांचा पट्टा बुटक्या पिकाचा ठेवा: कांदा, हरभरा, भुईमूग. मका आणि गजराज गवत उसाइतकंच दडणीचं, ते या पट्ट्यात नको. रात्रभर जळणाऱ्या बल्बला बिबट्या आठवड्यात सरावतो. हालचालीवर लागणारा दिवा जास्त उपयोगी, आणि त्याची जागा अधूनमधून बदलत राहा.

रात्रीचं पाणी

शेतीची लाईट बऱ्याच ठिकाणी रात्रपाळीची असते, त्यामुळे पाणी भरायला अंधारात जावंच लागतं. स्टार्टरची पेटी उसाच्या कडेला असेल तर तिच्याभोवती वीस फूट मोकळं करा. जमलं तर ऑटो किंवा मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवा, निम्म्या फेऱ्या वाचतात. दोघांनी जा. मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा, हातात घुंगुरकाठी ठेवा, बोलत राहा. बिबट्याला माणसाची चाहूल आधी लागली की तो स्वतःच बाजूला होतो. चुकतं ते दारं मोडायला, म्हणजे सरीत पाणी वळवायला, वाकल्यावर. वाकलेलं किंवा उकिडवं बसलेलं माणूस त्याला शेळीच्या उंचीचं दिसतं. म्हणूनच संडासाला उसाकडेला बसणं, तिन्हीसांजेला एकट्या बाईनं गवत कापणं आणि अंगणात एकट्या लेकराचं खेळणं, ही तीन कामं अंधार पडायच्या आत संपलेली हवीत. ऊसतोड कामगारांच्या कोप्या उसाला खेटून टाकू देऊ नका. लेकरं मोठ्या माणसांच्या मध्ये झोपवा.

समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका, खाली बसू नका. लहान मूल असेल तर कडेवर घ्या. हात वर करून मोठ्यानं बोला आणि त्याला जायची बाजू सोडून पावलापावलानं मागं सरका. दिवसा उसात किंवा घरात अडकलेल्या बिबट्याभोवती गर्दी करणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. चहूकडून माणसं दिसली की तो वाट काढायला माणसांवरच येतो.

तोडणीत पिल्लं सापडली तर

तोडणी एकाच बाजूनं, घराकडून पुढच्या उभ्या पिकाकडे न्या, म्हणजे आतल्या जनावराला निघायला वाट राहते. चारी बाजूंनी तोडत मध्ये आलात किंवा फड चारी बाजूंनी पेटवलात तर कोंडलेली मादी अंगावर येणारच.

सरीत पिल्लं दिसली की कोयते थांबवा, माणसं बाहेर काढा आणि १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाईनवर फोन करा. हात लावू नका, दूध पाजू नका, फोटोसाठी उचलू नका. मादी पिल्लं टाकून गेलेली नसते. ती जवळपासच असते आणि अंधाराची वाट बघते. दिवस मावळताना वनकर्मचारी पिल्लं क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात, जवळ कॅमेरा लावतात. द्राक्ष-टोमॅटोचा भरतो तोच प्लास्टिकचा क्रेट चालतो. मादी येते, हुंगते, पंज्यानं क्रेट कलंडवते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. दोन पिल्लं असतील तर दोन खेपा. तेवढा फड एक-दोन रात्री उभा राहू द्या आणि त्या बाजूला बॅटरी मारत फिरू नका. पिल्लं गावात नेली तर मादी त्यांना शोधत वस्तीभोवती घिरट्या घालते, आणि मग खरा धोका सुरू होतो.

पिल्लं फारच बारकी असतील तर ती वाघाटीचीही असू शकतात. वाघाटी ही सगळ्यात लहान रानमांजर, पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपास. तिच्या पिल्लांनाही हाच नियम: जागेवर राहू द्या.

विहिरीत बिबट्या पडलेला दिसला तर दगड मारू नका, लोक मागं हटवा. चार कोपऱ्यांना दोर बांधून बाज (खाट) पाण्यावर सोडा. तो तिच्यावर चढून बसतो आणि वन विभागाची गाडी येईपर्यंत तगतो. चार फुटांचा कठडा आधीच बांधलेला असेल तर ही वेळ येत नाही.

जनावर गेलं तर

मेलेलं जनावर हलवू नका, आणि त्यावर विष तर अजिबात टाकू नका. कुंपणात करंट सोडणं किंवा विष घालणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. बिबट्या त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत येतो. शिवाय त्या तारेला शेजारचा माणूसही चिकटतो. भरपाईसाठी ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, पंचनामा आणि पशुवैद्यकाची तपासणी करून घ्या. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आधार आणि पासबुक तयार ठेवा. ओल्या मातीत ठसा असेल तर पंचनाम्यापर्यंत त्यावर घमेलं उपडं घाला. बिबट्याचा ठसा गोलसर, सात-आठ सेंटीमीटरचा असतो आणि नखं उमटत नाहीत. कुत्र्याची आणि तरसाची नखं उमटतात. बरेच 'बिबट्याचे' ठसे तिथंच निकालात निघतात.

वसुबारशीला गोठा साफ करताना वर्षाची तपासणी उरका. पेठ-सुरगाण्याकडे याच दिवशी वाघबारस करून वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, आणि कारखान्यांची तोडणीही याच सुमाराला सुरू होते. ऊस कमी होऊ लागला की बिबटे वस्तीकडे जास्त दिसतात. प्रत्येक जे-हुक हातानं हलवून पाहा, जाळीचे जोड खालच्या काठापासून तपासा, गंजलेली कडी बदला आणि दाराखालची माती खचली असेल तर भरून घ्या.