चिनी चिलखताचा मागोवा: आधी पुराव्याचे वय काढा

चिलखत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रतापगड उभा राहतो: अंगरख्याखाली कड्यांचे चिलखत, डोक्यावर जिरेटोप. चीनचा अभ्यास सुरू करताना हे चित्र बाजूला ठेवावे लागते. तिथे जवळजवळ दोन हजार वर्षे मुख्य प्रकार राहिला तो लहान लहान पट्ट्या एकमेकींवर चढवून वादीने ओवलेल्या चिलखताचा. पट्ट्या आधी कातड्याच्या, पुढे लोखंडी. कड्यांचे चिलखत पश्चिमेकडून आले आणि दुय्यमच राहिले.

सुरुवातीला एकच राजवट आणि एकच प्रश्न घ्या. ‘सुंग काळातल्या (इ.स. ९६० ते १२७९) पायदळाच्या चिलखताचे वजन किती?’ हा प्रश्न दोन-तीन महिन्यांत हाताळता येतो. ‘चिनी चिलखताचा इतिहास’ आयुष्यभर पुरेल आणि हाती काही लागणार नाही.

वहीत प्रत्येक नोंदीला दोन तारखांचे रकाने ठेवा. पहिला, पुरावा स्वतः कधी तयार झाला. दुसरा, तो कोणत्या काळाबद्दल सांगतो. रविवर्म्याने पुराणातल्या स्त्रियांना नऊवारी नेसवली, म्हणून महाभारतकाळी नऊवारी होती असे कोणी म्हणत नाही. पण तिसऱ्या शतकातल्या ‘तीन राज्यां’च्या वीरांची मिंग काळात (१३६८ ते १६४४) कोरलेली चित्रे पाहून त्यांचे चिलखत तिसऱ्या शतकातले समजणारे पुष्कळ भेटतात. इ.स. १०४४ चा ‘वूजिंग त्सोंगयाओ’ हा सुंग लष्करी ग्रंथही याला अपवाद नाही. मजकूर सुंग काळाचा, पण आपल्याला दिसणारी चित्रे मिंग काळातल्या आवृत्त्यांमधली. तांग काळातले (६१८ ते ९०७) लोकपालांचे, म्हणजे दिशांचे रक्षण करणाऱ्या देवांचे, पुतळे चिलखताचे बारकावे सुंदर दाखवतात. मात्र ते देवांचे पोशाख आहेत, शिपायांचे नव्हेत. तीन टोकांच्या पट्ट्यांचे ‘शानवन’ चिलखत असेच पुतळ्यांच्या आधारावर उभे आहे.

म्हणून उत्खननातल्या वस्तूंपासून सुरुवात करा. हूपेई प्रांतात १९७८ साली उकरलेल्या त्संग राज्याच्या सरदार यी याच्या थडग्यात (इ.स.पू. सुमारे ४३३) लाख चढवलेल्या कातडी पट्ट्यांची चिलखते मिळाली. मानछंग इथल्या ल्यू शंग या हान राजपुत्राच्या (मृत्यू इ.स.पू. ११३) थडग्यातले लोखंडी चिलखत २,८५९ पट्ट्यांचे, वजन १६.८५ किलो. त्याच थडग्यातला जेड या हिरवट दगडाचा पोशाख प्रसिद्ध आहे, तो प्रेतवस्त्र आहे; चिलखतांच्या यादीत घालू नका. चिन राजवटीच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ १९९८ साली सापडलेली चुनखडीची चिलखतेही परलोकासाठीच बनवलेली. एकेकात सुमारे ६०० दगडी पट्ट्या, तांब्याच्या तारेने जोडलेल्या. पट्ट्यांचा आकार आणि मांडणी यांसाठी ती अमोल आहेत, वजनासाठी मुळीच वापरू नका.

वजनासाठी लिखित नोंदी लागतात, आणि बहुतेकांचे गणित इथेच चुकते. सुंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात ११३४ सालची एक नोंद आहे: बाह्या-खांद्यांसाठी ५०४ पट्ट्या, धडासाठी ३३२, मांड्यांच्या घोळासाठी ६७९, शिरस्त्राणाच्या झालरीसाठी ३१०. बेरीज करून पाहा, १,८२५ भरते. एकूण आकडाही तोच दिलेला आहे. अशी बेरीज प्रत्येक नोंदीची करा, नकलाकाराची चूक तिथेच सापडते. पूर्ण वजन ४९ जिन १२ ल्यांग (ही चिनी वजनमापे). आजचा जिन ५०० ग्रॅमचा, त्यामुळे घाईने २५ किलो असे उत्तर येते. सुंग काळचा जिन ६०० ते ६४० ग्रॅमच्या आसपास होता, म्हणजे खरे वजन ३० ते ३२ किलो. शिवाय त्या वेळी एका जिनात १६ ल्यांग, आजच्यासारखे १० नव्हे. त्याच नोंदीत कारखान्याची अडचणही आली आहे: ठरलेल्या वजनात जराही फरक पडला की पट्टी टाकून द्यावी लागे, मेहनत आणि माल वाया जाई, म्हणून एकूण वजन ४५ ते ५० जिनांमध्ये चालवून घ्यावे, अशी विनंती केली आहे. एका ओळीत अख्खी लोहारशाळा दिसते.

भाषेचे भय बाळगू नका. पुण्यात पु. वि. बापटांनी बौद्ध ग्रंथांसाठी चिनी आत्मसात केली होती. तुम्हाला सुरुवातीला वीस-पंचवीस चिन्हे पुरतात: चिलखत, शिरस्त्राण, पट्टी, कातडे, लोखंड, वजनमापे, राजवटींची नावे. वहीत उच्चार नव्हे, मूळ चिन्ह काढा. ‘जिया’ म्हणजे चिलखत, तसेच घर, किंमत आणि भर घालणेही. नुसत्या उच्चारावर शोध घेतलात तर भलतेच हाती येते. तांग काळी गाजलेल्या ‘मिंगक्वांग’ चिलखताचा मिंग राजवटीशी काही संबंध नाही, हेही लक्षात असू द्या. उत्खननाच्या नियतकालिकांसाठी डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात आधी चौकशी करा. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून फोटो घेतला तर त्याचा नोंदणी क्रमांक त्याच वेळी उतरवा, नंतर तो सापडत नाही.

आता हाताने करायचे काम. चिन सम्राटाच्या थडग्याजवळच्या मातीच्या सैनिकांच्या चिलखतात छातीवर वरची पट्टी खालचीवर चढते, पोटावर खालची वरचीवर. हे का, ते वाचून पटत नाही. पुण्याच्या बोहरी आळीतून बाइंडिंगचा २ मिमी पुठ्ठा, पंच आणि सुती दोरी आणा. ६ × ४.५ सेंमीच्या २० पट्ट्या कापा, पाच-पाचच्या चार ओळी करा. भोके कडेपासून किमान ६ मिमी आत, नाहीतर पुठ्ठा फाटतो. ओळीतल्या पट्ट्या घट्ट बांधा. दोन ओळींमधली दोरी मात्र सैल ठेवा, म्हणजे ओळ वर सरकू शकेल. सगळे घट्ट ओवले तर पाट तयार होतो, चिलखत नाही.

हा तुकडा पोटाशी धरून पुढे वाका. वरची पट्टी बाहेर असेल तर खालची ओळ आत सरकते आणि तिच्या कडा पोटात टोचतात. मांडणी उलटी करून पुन्हा वाका: खालची ओळ बाहेरून वर चढते, पोट मोकळे राहते. यानंतर फोटो समोर घ्या आणि कोणती पट्टी कुणावर चढली आहे ते ओळीओळीने बाणांनी दाखवा. दिशा जिथे बदलते ती ओळ लाल पेन्सिलीने आखा. पुनर्रचना केलेल्या नमुन्याच्या फोटोत ती दिशा बदलतच नसेल, तर तो फोटो पुराव्यात धरू नका.