इंग्रजी क्रियापदांचे प्रकार कसे ओळखावेत

इंग्रजी क्रियापदांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा समोरच्या वाक्यात ते क्रियापद कोणते काम करते आहे हे आधी पाहावे, कारण एकच शब्द वाक्य बदलताच प्रकारही बदलतो. ‘शी हॅज अ बुक’ या वाक्यात ‘हॅज’ हे मुख्य क्रियापद आहे, तर ‘शी हॅज रेड द बुक’ यात मुख्य क्रियापद ‘रेड’ असून ‘हॅज’ त्याचे सहायक झाले आहे. ‘बी’, ‘हॅव’ आणि ‘डू’ ही तिन्ही अशी दोन्ही कामे करतात. ‘कॅन’, ‘मे’, ‘विल’, ‘मस्ट’ अशी जी 9 प्रमुख मोडल (शक्यता, परवानगी, सक्ती अशा छटा दाखवणारी) क्रियापदे आहेत, ती मात्र सहायकच राहतात, ‘शी’च्या पुढेही त्यांना ‘एस’ लागत नाही आणि त्यांच्यानंतर मूळ रूप येते.

सकर्मक-अकर्मक हा भेद आपल्या परिचयाचा असला, तरी खरी गफलत इथेच होते. पेला ‘फुटतो’, पण आपण तो ‘फोडतो’. मराठी इथे क्रियापदाचे रूप बदलते, इंग्रजी मात्र ‘द ग्लास ब्रोक’ आणि ‘शी ब्रोक द ग्लास’ असे एकाच ‘ब्रोक’वर भागवते. म्हणून क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असे विचारून वाक्यात थेट उत्तर मिळते का ते पाहावे. ‘डिस्कस’ सकर्मक असल्याने त्याला कर्म थेट जोडायचे असते. ‘योजनेविषयी चर्चा केली’ हे मनात ठेवून आपण त्यात ‘अबाउट’ घुसडतो आणि तिथेच चुकतो.

‘द रोज स्मेल्स स्वीट’ यातील ‘स्मेल्स’ कर्म घेत नाही, ते गुलाबाला त्याच्या गुणाशी जोडते. क्रियापद असे जोडणारे आहे की सकर्मक, अशी शंका आल्यास त्याजागी ‘इज’ घालावे. ‘द रोज इज स्वीट’ हे जुळते, पण ‘शी स्मेल्स द रोज’चे ‘शी इज द रोज’ केले, की ती बाईच गुलाब होऊन बसते. अर्थात तिथले ‘स्मेल्स’ साधे सकर्मक आहे.

‘नो’ (माहीत असणे), ‘बिलीव्ह’, ‘ओन’ ही कृतीऐवजी स्थिती सांगणारी, म्हणजे स्थितिदर्शक क्रियापदे सहसा ‘आयएनजी’ घेत नाहीत, त्यामुळे ‘आय ॲम नोइंग’ चूक ठरते. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हेही चूकच, कारण तिथे ‘हॅव’ नाते सांगते. ‘आय ॲम हॅविंग लंच’ मात्र बरोबर आहे, कारण जेवणे ही चालू असलेली कृती आहे.