विश्व हे गणिती सिम्युलेशन आहे का? एआयच्या मदतीने शोध घेताना या चुका टाळा

विश्व म्हणजे कुठेतरी चालू असलेले गणिती सिम्युलेशन आहे का, हा प्रश्न एआयला विचारला की समीकरणे, कोड आणि आलेख मिनिटाभरात हाती येतात. त्यातले बरेचसे तपासणीत टिकत नाही आणि न टिकण्याची कारणे बहुधा ठरावीक असतात.

पहिले कारण म्हणजे निरनिराळ्या कल्पनांची सरमिसळ. तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी २००३ मध्ये मांडलेला युक्तिवाद 'आपण सिम्युलेशनमध्ये आहोत' असे सांगत नाही. प्रगत टप्पा गाठण्याआधीच बहुतेक संस्कृती नष्ट होतात, किंवा तो गाठणाऱ्यांना आपल्या पूर्वजांची सिम्युलेशन चालवण्यात रस नसतो, किंवा आपण जवळजवळ निश्चितपणे सिम्युलेशनमध्ये आहोत, या तिन्हींपैकी किमान एक विधान खरे असले पाहिजे, एवढेच तो सांगतो. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांच्या मते विश्व ही मुळातच एक गणिती रचना आहे. ती चालवायला कोणताही संगणक लागत नाही. संगणक घडवणारे जर्मन अभियंते कोनराड झूजे यांनी १९६९ मध्ये मांडलेली कल्पना मात्र विश्व स्वतःच पायरीपायरीने गणन करते, अशी आहे. 'सिम्युलेशन सिद्धान्त गणिताने सिद्ध कर' असा मोघम प्रॉम्प्ट (सूचना) दिला, तर एआय या तिन्हींचे धागे एकत्र विणून देते आणि गृहीतके परस्परविरोधी असल्याचे वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून आपण कोणती कल्पना तपासत आहोत ते आधी लिहावे आणि तिची गृहीतके एआयकडून स्वतंत्रपणे मांडून घ्यावीत.

दुसरा मोह स्थिरांकांच्या जुळवाजुळवीचा आहे. सूक्ष्म-संरचना स्थिरांकाचा (विद्युतचुंबकीय बलाची तीव्रता सांगणाऱ्या, एकक नसलेल्या संख्येचा) व्यस्तांक १३६ च असला पाहिजे, असा शुद्ध गणिती युक्तिवाद आर्थर एडिंग्टन यांनी केला होता; मोजमापे १३७ कडे झुकू लागल्यावर त्यांनी त्यात आणखी एकाची भर घातली. आज हे मूल्य सुमारे १३७.०३६ असल्याचे आपण जाणतो. एडिंग्टन यांच्यासारख्या श्रेष्ठ खगोलशास्त्रज्ञाला जे टाळता आले नाही, ते पाय (π) आणि वर्गमुळांची असंख्य मिश्रणे क्षणात करून पाहणाऱ्या साधनामुळे फारच सोपे झाले आहे. एवढी मिश्रणे केल्यावर चार-पाच अंक योगायोगानेही जुळतात. सापडलेल्या सूत्राने आपण न पुरवलेली एखादी दुसरी राशी आधी वर्तवून दाखवावी, अशी अट घालावी.

सर्वांत जास्त दिशाभूल कोडमधून होते. पृथ्वीच्या कक्षेचा साधा कोड मागितल्यास एआय पुष्कळदा ऑयलरची सरळ पद्धत वापरते, म्हणजे आत्ताच्या वेगावरून पुढच्या पायरीची जागा काढते. एका दिवसाची एक पायरी धरून तो चालवला, तर वर्षभरात कक्षेची त्रिज्या पंधरा-वीस टक्क्यांनी वाढते आणि पृथ्वी सूर्यापासून दूर सरकताना दिसते. ऊर्जा कुठूनशी येते आहे असे वाटते आणि ही विश्वातली 'त्रुटी' असल्याचा निष्कर्ष काढण्याची घाई होते. पायरी अर्ध्या दिवसाची करून पाहावी. वाढ जवळपास निम्मी होईल. पायरीच्या आकाराबरोबर जे बदलते ते आपल्या गणनपद्धतीचे असते, निसर्गाचे नव्हे. हाच कोड लीपफ्रॉग पद्धतीने (यात स्थान आणि वेग आळीपाळीने पुढे नेतात) लिहून घेतला की ऊर्जेतील चूक वाढत न जाता मर्यादेत राहते. संगणक आकडे ज्या नेहमीच्या दुहेरी अचूकतेत साठवतो, तीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज दशांशाच्या सतराव्या स्थानी ढळते, हेही ध्यानात ठेवावे; सुरुवातीच्या बारीक फरकाने निकाल पार बदलणाऱ्या गोंधळी (केऑटिक) प्रणालींमध्ये एवढाच फरक पुढे प्रचंड वाढतो.

एआयने दिलेले संदर्भ मूळ ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय वापरू नयेत. शीर्षक आणि लेखक खरे वाटणारा शोधनिबंध अस्तित्वातच नसतो, असे वारंवार घडते.

'माझा सिद्धान्त कसा वाटतो?' हा प्रश्नही टाळावा. लांबलेल्या संभाषणात एआय आपल्याच सुरात सूर मिसळू लागते. नवे संभाषण उघडून तोच दावा कोणा दुसऱ्याचा म्हणून द्यावा आणि कोणते निरीक्षण मिळाल्यास तो खोटा ठरेल, एवढेच विचारावे.

खोटा ठरू शकेल असा दावा कसा मांडावा, हे सायलस बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवले. विश्वाचे सिम्युलेशन सलग अवकाशाऐवजी ठरावीक अंतरावरच्या बिंदूंच्या घनाकार जाळीवर चालत असेल, तर त्या जाळीच्या खुणा कुठे उमटतील, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्या कोडमध्ये पायरीच्या आकारामुळे येणारा जो दोष आपण दूर करतो, त्याच जातीचा दोष त्यांनी निसर्गात शोधायला घेतला, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. सर्वाधिक ऊर्जेच्या विश्वकिरणांचे (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचे) वितरण सर्व दिशांना सारखे न राहता जाळीची रचना दाखवील, असे त्यांनी वर्तवले. विश्वकिरणांच्या ऊर्जेला असलेल्या वरच्या मर्यादेवरून त्यांनी काढलेल्या बंधनाचा अर्थ असा की, जाळीच्या दोन बिंदूंमधले अंतर साधारणपणे १० च्या उणे २७ व्या घाताइतक्या मीटरहून मोठे असू शकत नाही. आपल्या मांडणीतूनही असा मोजता येणारा आकडा निघतो का, हे एआयकडून पायरीपायरीने काढून घ्यावे, प्रत्येक पायरीची एकके स्वतः तपासावीत आणि आकडा निघत नसेल तर ती मांडणी भौतिकशास्त्राच्या नव्हे, तत्त्वज्ञानाच्या वहीत नोंदवावी.