जुन्या फियाटला रेडिएटरचं झाकण घेताना काय बघायचं

जळगाव-भुसावळकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो भो, त्यात कन्नड घाट चढवायचा म्हटलं की जुन्या फियाट किंवा पद्मिनीचं पाणी उकळतं आणि सगळे लगेच रेडिएटर बदला म्हणतात, पण आधी झाकण बघा ना.

झाकण किती प्रेशर धरतं त्याचा आकडा झाकणावर असतो, बारमधे नाहीतर पीएसआयमधे (दोन्ही प्रेशरची मापं), ०.५ बार म्हणजे साधारण ७ पीएसआय. दर १ पीएसआयमागं उकळबिंदू दीडेक डिग्रीनं वाढतो, म्हणून काही जण मुद्दाम जास्त प्रेशरचं लावतात. हे करू नका!! जुना रेडिएटर, जुने होज (रबरी पाइप), हीटरचा कोअर (हीटरमधली छोटी जाळी, जिच्यातून गरम पाणी फिरतं), जे कच्चं असेल ते आधी फुटतं. मॅन्युअलमधे आहे तोच आकडा घ्या.

दुसरं म्हणजे खोली. रेडिएटरच्या तोंडाच्या काठापासून आत रबर जिथं टेकतं तिथपर्यंत मापा, झाकण आखूड निघालं तर वरून घट्ट बसल्यासारखं वाटतं पण प्रेशर धरतच नाही.

खालच्या बाजूला मधोमध छोटी चकती असते, नखानं ओढा, सुटून परत बसली पाहिजे. ती अडकली की गार होताना आत काही परत ओढलं जात नाही आणि वरचा होज चपटा होतो.

जादा पाण्याची वेगळी टाकी असलेल्या गाड्यांत कधी प्रेशरचा व्हॉल्व्ह टाकीच्या झाकणात असतो आणि रेडिएटरवरचं नुसतं बंद झाकण, तेव्हा अदलाबदल करू नका.

आणि गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही, मिस्त्री फडकं टाकून उघडतो म्हणून आपणपण नाय.